पिंपात मुरलेली कॉफी

अमेरिकेतून आलेली एक काळी बिअर, वसईतली एक वाडी, पाच ग्लास आणि ऐंशी पार केलेले एक आजोबा. त्या रात्री 'चिल्ड बिअर'बद्दलची आमची बरीच मतं बदलली!

खरं सांगायचं तर बिअरची चव कशी असते हे मला तिशीपर्यंत नीट माहीतच नव्हतं. म्हणजे पीत होतो. अगदी नेमाने पीत होतो. पण शुक्रवारी रात्री विरार फास्टमध्ये तासभर एका पायावर उभं राहून घरी आलेल्या माणसाची बिअरकडून एकच अपेक्षा असते. ती थंड असावी! इतकी थंड की बाटलीला घाम फुटावा आणि पहिले चार घोट जिभेला न विचारता थेट घशाखाली उतरावेत. सोबत चणाडाळ, शेंगदाणे आणि कुणाच्या तरी बॉसची टिंगल. चव? ती कोण बघतं!

त्यामुळे वसईच्या मित्राचा फोन आला, "ताई शिकागोहून आलीय, कॉफीची बिअर आणलीय, शनिवारी ये," तेव्हा मी सवयीने विचारलं, "किती बाटल्या?"

"दोन. पण उघडायची एकच."

"आणि माणसं?"

"पाच."

जाताना स्टेशनजवळ आपली वेगळी सोय करून जावी, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं.

मित्राचं घर वसई गावात, पारनाक्याच्या पुढे. समोर पडवी, मागे विहीर, केळी आणि नारळ. या घरात आम्ही कॉलेजपासून पडीक. त्याचं मुख्य कारण मित्राचे आजोबा आणि त्यांची नाताळची वाइन. काळी द्राक्षं, साखर, मूठभर गहू, थोडं यीस्ट आणि एक भलीमोठी चिनी मातीची बरणी. ख्रिसमसच्या दिवशी आम्हाला प्रत्येकी एक छोटा ग्लास मिळायचा. दुसरा मागितला की आजोबा म्हणायचे, "पहिल्याची चव सांग, मग दुसरा." आम्ही "एकदम मस्त" म्हणायचो आणि दुसरा मिळायचा नाही. चार वर्षांपूर्वी आजी गेल्या. त्यानंतर आजोबांनी वाइन घातलीच नाही. बरणी स्वयंपाकघरातल्या माळ्यावर पालथी पडून आहे.

तर, बाटली. टेबलावर ठेवलेली ती वस्तू बघून मी खरोखर निराश झालो. ३५५ मिलिलिटर, म्हणजे कोल्ड्रिंकच्या कॅनपेक्षा किंचित मोठी. लेबलवर केबीएस. पूर्ण नाव केंटकी ब्रेकफास्ट स्टाउट. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहरात फाउंडर्स नावाची ब्रुअरी आहे, तिची ही बिअर. स्टाउट म्हणजे काळी, दाट बिअर. तिच्यात कॉफी आणि चॉकलेट. आणि मग ती सगळी भानगड ओक लाकडाच्या पिंपात वर्षभर मुरवलेली.

"ब्रेकफास्ट? म्हणजे सकाळी प्यायची?" असा पीजे आमच्यापैकी एकाने टाकलाच. ताईने दुर्लक्ष केलं. तिने बाटली फ्रिजमधून अर्धा तास आधीच काढून ठेवली होती, आणि त्यावरून आमचा तिच्याशी चांगलाच वाद झाला. बिअर गरम करून प्यायची? वसईच्या उकाड्यात?

"दहा-बारा डिग्रीला प्यायची असते," ती म्हणाली. "बर्फासारखी थंड असेल तर जीभ बधिर होते. मग पाणी काय आणि बिअर काय!"

कॉफी नसतानाही कॉफी

ताई पेशाने सॉफ्टवेअरवाली, पण बिअरच्या बाबतीत तिचा अभ्यास जबरदस्त. बाटली उघडायच्या आधी तिने आमचा छोटासा क्लास घेतला.

बिअरचा काळा रंग कॉफीमुळे येत नाही, ही पहिली गोष्ट. बिअर होते जवापासून. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, तसे जव भिजवायचे, मोड आले की वाळवायचे. हा झाला माल्ट. तो हलकासा भाजला की बिअर पिवळी. आणि भट्टीत पार कॉफीच्या बियांसारखा काळा होईपर्यंत भाजला की स्टाउट! म्हणूनच कॉफीचा एक दाणाही न घालता केलेल्या स्टाउटलासुद्धा कॉफीची चव लागते. भाजण्याची करामत दोन्हीकडे तीच.

मग वरून खरी कॉफी घालायची गरज काय? ताईचं उत्तर मला आवडलं. "चहात आलं असतंच ना, तरी तू गवती चहा टाकतोसच की." फक्त कॉफी टाकण्याची वेळ सांभाळावी लागते. उकळत्या रसात टाकली तर कडू आणि तुरट सगळं उतरतं. त्यामुळे बरेच ब्रुअर बिअर आंबून तयार झाल्यावर त्यात गारच जाडसर कॉफी भिजवतात, आपल्या कॅफेतल्या कोल्ड ब्रूसारखी. त्यातही गोम आहेच. कॉफीतलं तेल बिअरचा फेस मारतं. जास्त झाली की बिअर बसली म्हणून समजा.

राहिलं पिंप. आम्हा विरारकरांसाठी पिंप म्हणजे गॅलरीतलं निळं प्लास्टिकचं, टँकर आला की भरायचं. दोनशे लिटरचं. गंमत बघा, बर्बन व्हिस्कीचं लाकडी पिंपही साधारण तेवढंच असतं, दोनशे लिटरचं! बर्बन ही अमेरिकन व्हिस्की, मुख्यतः मक्याची. तिच्यासाठी अमेरिकेतला कायदा असा की ओकचं पिंप कोरं करकरीत पाहिजे आणि आतून जाळलेलं पाहिजे. एकदा वापरलं की त्यात पुन्हा बर्बन मुरवता येत नाही. मग या रिकाम्या पिंपांचं करायचं काय? स्कॉटलंडचे व्हिस्कीवाले नेतात, रमवाले नेतात आणि गेल्या तीसेक वर्षांत बिअरवालेही रांगेत उभे राहिले. लाकडात व्हिस्की भिनलेली असतेच. शिवाय जळलेल्या ओकमधून व्हॅनिलाचा वास उतरतो, आणि ओकमध्ये नारळाच्या वासाची द्रव्यंही असतात. नारळाच्या! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आणि 'पिंप' हा शब्द? तोसुद्धा पोर्तुगीजांकडून आलाय. त्यांच्याकडे दारूच्या लाकडी पिंपाला 'पिपा' म्हणतात. पाव, बटाटा, चावी, पगार यांच्यासोबत तोही इथे उतरला. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधली दोनशे वर्षं या किनाऱ्यावर पिपा ओळखीचा असणार. आज किल्ल्यात प्री-वेडिंग शूटवाल्यांची गर्दी असते, आणि पिपा मात्र आमच्या गॅलरीत पाणी भरतोय.

"डार्क फ्रूट म्हणजे कुठलं फळ?"

ओतताना ती काळी धार बघून सगळे गप्प झाले. इंजिन ऑइल! फेसही पांढरा नव्हता, तपकिरी होता. पाच छोटे वाइन ग्लास, प्रत्येकात सत्तर मिलि. आजोबा पडवीत खुर्चीवर. "मला नको," म्हणून त्यांनी आधीच हात वर केले होते, पण त्यांच्यासमोर पाचवा ग्लास ठेवला गेला.

पहिल्या वासाला थेट व्हिस्की. मागोमाग कॉफी, ताजी दळलेली. मग घोट. मला अपेक्षा होती गोड कोल्ड कॉफीची, आणि आलं भलतंच. आधी कडू चॉकलेट. मग भाजकेपणा. आणि गिळल्यावर छातीत हळूहळू पसरणारी ऊब. बिअर पिऊन ऊब येते हा माझ्यासाठी शॉक होता! माझ्या शेजारच्या मित्राने सवयीप्रमाणे मोठा घोट घेतला आणि ठसका लागून बसला. गंमत नाही, ही सुमारे १२ टक्क्यांची बिअर.

मग सुरू झाला आमचा शहाणपणा. ताईच्या मोबाइलवर कुणीतरी लिहिलेली चवींची यादी होती. व्हॅनिला, ओक, बर्बन, टॉफी, डार्क फ्रूट. आम्ही एकेक शब्द वाचायचो, घोट घ्यायचो आणि मान डोलवायचो. "हां हां, व्हॅनिला!" खरं तर निम्म्या शब्दांना मी नुसतीच मान डोलवत होतो. मार्केटिंगच्या मीटिंगमध्ये डोलवतो तशी.

"डार्क फ्रूट म्हणजे नक्की कुठलं फळ?" मित्राने विचारलं. "जांभूळ? करवंद?"

कुणालाच सांगता येईना. ताईलाही नाही. तेवढ्यात लक्ष गेलं तर आजोबांनी ग्लास नाकाशी धरला होता. पीत नव्हते, नुसता वास घेत होते. बराच वेळ.

"सुकेळं आहे," ते म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी ग्लास नाकाला लावले. आणि काय सांगू! होतंच! अगदी स्पष्ट, केळीच्या पानातून नुकतं सोडल्यासारखं. गोड, चिकट, थोडं जुनाट.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. सुकेळी ही वसईची खास चीज. राजेळी जातीची केळी पिकवून, सोलून उन्हात कित्येक दिवस वाळवायची. रोज काढायची, रोज आत घ्यायची. शेवटी ती तांबूस-तपकिरी होतात, साखर आत एकवटते, आणि मग केळीच्या पानात बांधायची. करणारी घरं आता फार थोडी राहिली आहेत. केळ्याच्या बागाच कमी झाल्या, त्यांच्या जागी काय आलं ते नालासोपाऱ्यात राहणाऱ्यांना सांगायला नको.

त्यामागचं शास्त्रही फार अवघड नाही. गडद भाजलेल्या माल्टमध्ये मनुका-खजुराची चव मुळातच असते आणि बिअर पिंपात हळूहळू जुनी होताना ती वाढते. पिकल्या केळ्याचा वास मात्र वेगळ्या बिअरमध्ये येतो. आपल्याकडच्या प्रत्येक ब्रूपबमध्ये गव्हाची हेफेवाइझन असते ना, तिच्यातलं यीस्ट पिकल्या केळ्याच्या वासाचं द्रव्य तयार करतं. म्हणजे ताजं केळं हवं तर गव्हाची बिअर आणि सुकेळं हवं तर ही!

एकदा आजोबांनी दार उघडल्यावर मग आम्ही सुटलोच. मोबाइल बाजूला पडला. मित्र म्हणाला, खोबरं. भाजलेलं, वाटणासाठी काढलेलं. (ओकचा नारळ! आठवलं?) मला काकवी सापडली, आणि तिच्याखाली कढईच्या बुडाला लागलेला गूळ. ग्लास जसजसा कोमट होत गेला तसतशी व्हिस्की मागे सरली आणि कॉफी पुढे आली. आता ती कॅफेतली वाटत नव्हती. मावशीकडच्या पितळी फिल्टरमधली, चिकोरीवाली वाटत होती. सत्तर मिलि संपवायला आम्हाला पाऊण तास लागला. एरवी तेवढ्या वेळात आमच्या प्रत्येकी दोन बाटल्या होतात.

"शिकागोत मी ही दोनदा प्यायलेय," ताई म्हणाली. "पण मला एकदाही सुकेळं आठवलं नाही."

चखण्याचे प्रयोगही झाले. भाजलेले सुके बोंबील सपशेल फेल. खारट आणि कडू यांची अशी जुंपली की तोंडात लोखंड चघळल्यासारखं झालं. फरसाणचं तिखट जिभेवर बसलं आणि बाकी सगळं गायब. चाललं काय? साधं चीज, आणि अर्थातच सुकेळी, जी मित्राच्या आईने डब्यातून काढून दिली.

आपल्याकडे का नाही?

हा प्रश्न मी घरी येऊन शोधला, आणि उत्तर थोडं वैतागवाणं निघालं. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मद्यासंबंधीचे २०१८ चे नियम आहेत. त्यात ५ टक्क्यांपर्यंतची बिअर माइल्ड आणि ५ ते ८ टक्क्यांची स्ट्राँग. आठच्या वर खिडकीच नाही! म्हणजे १२ टक्क्यांची ही बाटली इथे 'बिअर' म्हणून बसतच नाही.

गंमत म्हणजे काळ्या बिअरचं आणि आपलं नातं जुनं आहे. स्टाउटची थोरली बहीण पोर्टर. अठराव्या शतकात लंडनचे हमाल ती प्यायचे, त्यावरूनच नाव पडलं. ती मोठमोठ्या लाकडी पिंपांत महिनोन् महिने मुरवली जायची. म्हणजे 'बॅरल एज्ड' हा काही आजचा फंडा नाही. इंग्रजांनी भारतात पाठवलेल्या बिअरचं नाव काढलं की सगळे आयपीए म्हणतात, पण ती मुख्यतः साहेबलोकांची. साध्या गोऱ्या सोल्जरसाठी पिंपंच्या पिंपं यायची ती पोर्टरची. हे सोल्जर मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत नाशिकजवळ देवळालीच्या कॅम्पात पडून राहायचे, उन्हाने आणि कंटाळ्याने त्यांची डोकी फिरायची, आणि त्यावरून इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डूलाली' म्हणायला लागले. २००९ मध्ये सुकेतु तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी पुण्यात महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी काढली तेव्हा तिला हेच नाव दिलं. २०१३ मध्ये लोअर परळला बार्किंग डिअर आलं, २०१४ मध्ये गेटवे ब्रुइंगने चक्क डोंबिवलीत बिअर करायला घेतली. पुण्याच्या मूनशाइनने तर मधापासून केलेल्या मीडमध्ये कॉफी घातली. आमच्या पालघर जिल्ह्यातही मागे नाहीत, बोर्डीला चिकूची वाइन झाली! म्हणजे डोकं आहे, हौस आहे, गिऱ्हाईक आहे.

मग आठ टक्क्यांच्या आतला स्टाउट पिंपात मुरवायला काय हरकत आहे? नियमांपेक्षा आपली हवा जास्त आडवी येते. फाउंडर्सवाले आपली पिंपं शहराखालच्या जिप्समच्या जुन्या खाणीत ठेवतात. तिथे बाराही महिने गारवा. आपल्याकडे पिंपातून वाफ होऊन जाणारा हिस्साच भारी असतो. स्कॉटलंडमध्ये व्हिस्की वर्षाला साधारण दोन टक्के उडते, गोव्याच्या पॉल जॉनच्या गोदामात आठ टक्क्यांच्या आसपास. व्हिस्कीला हे परवडतं, गरम हवेत ती लवकर मुरते. बिअर नाजूक. उष्णतेत लाकडातून हवा शिरली की ती आंबट व्हायला वेळ लागत नाही. मग एअर कंडिशन्ड गोदाम आलं, वर्षभर अडकलेलं भांडवल आलं आणि विजेचं बिल आलं. ताज्या हेफेवाइझनचा टँक दोन-तीन आठवड्यांत रिकामा होतो. धंदा करणाऱ्याने काय करावं, तुम्हीच सांगा!

तोवर आपण एवढं करू शकतो. पुढच्या वेळी ब्रूपबमध्ये गेलात तर एक साधा स्टाउट किंवा पोर्टर मागवा, आणि वेटर विचित्र नजरेने बघेल तरी दहा मिनिटं तसाच ठेवा. मग वास घ्या. 'नोट्स'वाले शब्द विसरा.

आणि हो, हिशोबाचं भान ठेवा. ६५० मिलिच्या ५ टक्केवाल्या बाटलीत साडेबत्तीस मिलि शुद्ध अल्कोहोल असतं. केबीएसच्या त्या एवढ्याशा बाटलीत बेचाळीसहून जास्त, म्हणजे व्हिस्कीच्या दीड लार्ज पेगच्या वर! पाच जणांत एक बाटली हा ताईचा कंजूषपणा नव्हता, हे मला आकडेमोड केल्यावर कळलं. मित्राच्या आईने मात्र कुठलीही आकडेमोड न करता आल्या आल्या आमच्या बाइकच्या चाव्या काढून घेतल्या होत्या. आम्ही रिक्षाने स्टेशन गाठलं.

निघायच्या आधी आजोबांनी ताईला चौकशी केली.

"कशात ठेवली होती म्हणालीस?"

"लाकडी पिंपात. आधी त्यात व्हिस्की होती."

"आणि किती दिवस?"

"वर्षभर. जमिनीखाली."

"वर्षभर कुणी हात नाही लावला?"

"नाही, आजोबा."

त्यांनी ग्लासातला शेवटचा घोट संपवला. त्यांचा ग्लास सगळ्यांत शेवटी रिकामा झाला. मग आम्हाला म्हणाले, "चव सांगा."

आम्ही सांगितली. सुकेळं, खोबरं, काकवी, बुडाला लागलेला गूळ. या वेळी कुणी "एकदम मस्त" म्हणालं नाही.

दुसरी बाटली आजोबांनी स्वतःच्या कपाटात ठेवून घेतलीय, नाताळसाठी. ताई हसून म्हणाली, ती जितकी जुनी होईल तितकी चांगली. "माझ्यासाठी फार जुनी नको करू," ते म्हणाले.

परवा मित्राचा मेसेज आला. माळ्यावरची बरणी खाली काढलीय, घासून उन्हात ठेवलीय. काळी द्राक्षं वसईच्या बाजारात महाग आहेत, दादरला कितीला मिळतात ते बघून ये.